धडधडीचा रिपोर्ट वाचून देता का कोणी? (ईपी स्टडी, पेसिंग, व्हीएव्ही वगैरे)

शनिवारातली_पाहुणी | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. मी ४१ वर्षांची, शाळेत गणित शिकवते. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा चादर पिळताना छातीत एकदम धडधड सुरू झाली. दहा-बारा मिनिटं चालली आणि सुरू झाली तशीच, बटण दाबल्यासारखी थांबली. नंतर वर्षातून दोनतीनदा तसंच. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी सरळ, आणि समोरचे डॉक्टर म्हणणार "मनावर घेऊ नका, टेन्शन कमी करा". पंधरा वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एकाने तर नवऱ्याला बाजूला घेऊन घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

यंदा नववीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढत असताना सुरू झालं ते थांबेचना. घड्याळात १७६. या वेळी मात्र कॅज्युअल्टीत चालू असतानाचा ईसीजी मिळाला. अॅडेनोसिन आधी ६ मिग्रॅ दिलं, काही नाही. मग १२. लिफ्टची दोरी तुटल्यासारखं पाच सेकंद वाटलं आणि ठोके ८० वर.

पुढे ईपी स्टडी (हृदयातल्या करंटची आतून तपासणी) झाली. उजव्या जांघेत भूल देऊन शिरेतून वायरी आत. मी जागी होते. काचेमागून एक जण ओरडत होता, "चारशे... तीनशे ऐंशी... तीनशे साठ", आणि माझं हृदय त्याच्या आकड्यांवर पळत होतं. मग माझी नेहमीची ओळखीची धडधड त्यांनी मुद्दाम सुरू केली (!) आणि तिच्यातच पुन्हा पेसिंग केलं, म्हणजे वायरीतून ठोके दिले. डॉक्टर म्हणाले "व्हीएव्ही", मागचा म्हणाला "एकशे बासष्ट", आणि सगळे खूश. मी सोडून सगळ्यांना निकाल कळला होता.

रिपोर्टातल्या ओळी जशाच्या तशा: टीसीएल ३४०. व्हीए ४०. व्हीओपी ३२० ला, ए एन्ट्रेन्ड, व्हीएव्ही. पीपीआय ५०२, वजा टीसीएल १६२. एचआरपीव्हीसी: नो इफेक्ट. टिपिकल एव्हीएनआरटी. स्लो पाथवे मॉडिफिकेशन.

धडधडीची वाट वायरीने जाळून झालीय, मी बरी आहे. सल्ला नको, अर्थ हवा. गणितवालीला आकडे दिले आणि सूत्र दिलं नाही, याचा त्रास होतोय.

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९:५८

३४० कळलं. ६०,००० भागिले ३४०. मिनिटाला १७६. दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात. तुमचं घड्याळ बरोबर होतं म्हणायचं. बाकी रोमात बसून वाचतो.

---

अनाहूत_आजी | सोमवार, रात्री १०:०५

आमच्या सासूबाईंना असं व्हायचं. गार पाण्याने भरलेल्या घमेल्यात तोंड बुडवायच्या आणि थांबायचं. आता तुम्ही सगळे हसा.

---

ताशेवाला | सोमवार, रात्री ११:२०

आजी, कोण हसतंय? तोंडावर गार पाणी आलं की व्हेगस नर्व्ह चाळवते आणि एव्ही नोड क्षणभर मंदावतो. अॅडेनोसिन तेच काम जोरात करतं.

ताई, काचेमागून ओरडणाऱ्या जमातीतला मी एक. तुमच्या केसला नव्हतो, पण अकरा वर्षं पुण्यातल्या कॅथलॅबमध्ये स्टिम्युलेटर सांभाळतोय. गणपतीत पथकात ताशा, बाकी वर्षभर हा. लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. बारीक क्यूआरएसची (ईसीजीवरचा खालच्या कप्प्याचा टोकदार भाग), एकसारखी, १७०-१८० ने पळणारी धडधड ईसीजीवर बऱ्याचदा एकाच साच्यातली दिसते. आत मात्र तीन वेगळी भांडणं असू शकतात.

एक, एव्हीएनआरटी. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात करंट उतरायचा एकच अधिकृत दरवाजा, तो एव्ही नोड. काही लोकांत तिथे दोन वाटा असतात, एक जलद, एक संथ. करंट संथ वाटेने उतरतो, जलद वाटेने परत वर चढतो आणि तिथेच गरगर फिरत बसतो. मोठ्या माणसांत हाच प्रकार सगळ्यात जास्त.

दोन, एव्हीआरटी. झडपेच्या कडेला जन्मजात स्नायूचा एक जास्तीचा धागा राहिलेला. करंट नोडमधून खाली आणि त्या चोरवाटेने वर. म्हणजे वरचा कप्पा, नोड, खालचा कप्पा, चोरवाट असं मोठं रिंगण.

तीन, एट्रियल टॅकिकार्डिया. रिंगणात नोड नाहीच. वरच्या कप्प्यातलाच एखादा ठिपका आपल्या मर्जीने ठोके टाकतोय आणि खालचा बिचारा मागे धावतोय.

जाळायची जागा तिन्हींत वेगळी. पहिल्यात कोरोनरी सायनसच्या तोंडाजवळ, नोडच्या शेजारघरी. दुसऱ्यात झडपेच्या कडेवर जिथे चोरवाट असेल तिथे, ती डावीकडे असली तर मधला पडदा टोचून पलीकडे जावं लागतं. तिसऱ्यात शोधत बसायचं. त्यामुळे अंदाजाने चालत नाही.

मग ओळखायचं कसं? नुसतं बघून नाही. छेडायचं, थांबायचं, आणि ते काय उत्तर देतं ते ऐकायचं. व्हीओपी म्हणजे धडधड चालू असताना खालच्या कप्प्यातून तिच्यापेक्षा किंचित जलद पेसिंग. तिचं ३४०, आम्ही ३२०. पथकात ताशाने लय चढवली की ढोल मागोमाग चढतात, तसा वरचा कप्पाही ३२० वर यायला हवा. "ए एन्ट्रेन्ड" म्हणजे तो आला. हे तपासल्याशिवाय पुढचं काहीही मोजू नये, ही मला माझ्या सिनियरने दिलेली पहिली शिवी.

मग एकदम थांबायचं. सगळी गंमत थांबल्यानंतरच्या पहिल्या ठोक्यात आहे.

शेवटचा पेसिंगचा ठोका, व्ही (खालचा कप्पा). तो वर गेला, ए (वरचा कप्पा). आता रिंगण असेल, तर एका वाटेने वर गेलेला करंट दुसऱ्या वाटेने लगेच खाली येतो, व्ही. झालं व्हीएव्ही. पण एट्रियल टॅकिकार्डिया असेल, तर वर गेलेल्या करंटला परत उतरायला वाट नाही, नोड त्यानेच आत्ता वापरलाय, तो अजून झोपेत. मग वरचा ठिपका स्वतःचा पुढचा ठोका टाकतो, आणखी एक ए, आणि तो खाली येतो. व्ही-ए-ए-व्ही. म्हणून तुमचं व्हीएव्ही ऐकून लोक खूश झाले. तिघांतला एक बाद.

उरले दोन. त्यासाठी १६२. उद्या लिहितो, सकाळी सातला केस आहे.

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ११:३१

क्रमशः टाकणाऱ्यांना या धाग्यावर बंदी घाला.

---

ताशेवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

आलो. आता नकाशा पुण्याचा.

अलका चौकातून केळकर रोडने अप्पा बळवंत चौक, तिथून बाजीराव रोडने खाली, लक्ष्मी रोडला वळून परत अलका. सगळं वन वे. या रिंगणात एक स्कूटर सारखी फिरतेय असं समजा. एक फेरी म्हणजे टीसीएल.

आता तुम्ही एका ठिकाणी उभे राहून स्वतःची स्कूटर त्या रिंगणात घुसवली आणि ती तुमच्यापर्यंत परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. हा पीपीआय. तुम्ही रिंगणावरच, समजा अप्पा बळवंत चौकात उभे असाल, तर एका फेरीचाच वेळ. पण पर्वती पायथ्याला उभे असाल तर? स्कूटर आधी रिंगणापर्यंत जाणार, एक फेरी मारणार, मग पर्वतीला परत येणार. फेरी अधिक जायचा-यायचा वेळ. पीपीआयमधून टीसीएल वजा केला की उरतो तो हा जायचा-यायचा वेळ.

आमची पेसिंगची वायर खालच्या उजव्या कप्प्याच्या टोकाशी, म्हणजे पर्वतीला. एव्हीएनआरटीचं रिंगण नोडपाशी, छोटंसं. त्यामुळे फरक मोठा येतो. एव्हीआरटीत मात्र खालचा कप्पा स्वतःच रिंगणात, म्हणजे रिंगणच पर्वतीवरून जातंय, फरक छोटा. सीमारेषा धरतात ११५ मिलिसेकंद. तुमचा १६२. म्हणजे एव्हीएनआरटी.

तुमच्या रिपोर्टात त्याआधीच एक चुगली झालीय. व्हीए ४०. धडधडीत खालचा कप्पा चेतल्यापासून फक्त ४० मिलिसेकंदांत वरचा चेततोय. चोरवाटेने जायचं तर करंटला आधी खालच्या कप्प्याच्या स्नायूतून झडपेपर्यंत पोचावं लागतं, इतक्या कमी वेळात ते होत नाही. ७० च्या खाली असेल तर चोरवाटेचं रिंगण नाही, असं धरतात.

---

कसबा_गणिती | मंगळवार, रात्री ८:०२

उपमा चांगली, पण एक मूलभूत आक्षेप. लक्ष्मी रोडवरच्या फेरीला ठरलेला वेळ लागतो, हे गृहीतक पुण्यात कोणी करू नये. तुमची स्कूटर घुसली त्याच वेळी चौकात टेम्पो आडवा आला तर? तुमच्या जायच्या-यायच्या वेळात तो टेम्पोही मोजला जाणार. मग ११५ ला अर्थ काय?

---

क्षकिरण_नको | मंगळवार, रात्री १०:४४

कसबा_गणिती, तुम्ही खोडी काढायला लिहिलंत पण नेमक्या जागी बोट ठेवलंत.

मी ईपी करतो (शिसाचा एप्रन घालून पाठ गेली, म्हणून हे नाव). एव्ही नोडचा स्वभावच असा की जितक्या लवकर लवकर ठोके येतील तितका तो हळू सोडतो. जलद पेसिंगनंतरच्या पहिल्या परतीच्या ठोक्याला म्हणूनच नोडमध्ये जास्त वेळ लागू शकतो. हा तुमचा टेम्पो. त्यामुळे त्या ठोक्याचा ए ते हिस (नोडखालची मुख्य केबल) वेळ मोजून, धडधडीतल्या नेहमीच्या वेळेपेक्षा जितका जास्त, तितका वजा करतात. शनिवारातली_पाहुणी यांच्यात समजा २० वाढला असेल, तर १६२ चे १४२. तरी निकाल तोच. पण एखाद्याचा १२० आला असता तर ही वजाबाकी केल्याशिवाय मी सुई पुढे सरकवली नसती.

आणखी दोन खाचा आहेत.

व्हीएएव्ही दिसलं म्हणून लगेच एट्रियल टॅकिकार्डिया म्हणू नये. वर चढायची वाट फार संथ असेल, तर पेसिंगच्या शेवटच्या ठोक्याचा ए हा पुढच्या ठोक्याच्याही नंतर येतो. दोन ए दिसतात, पण पहिला आधीच्या ठोक्याचा असतो. पेसिंगच्या वेगाने आलेला *शेवटचा* ए कुठला, हे बोट ठेवून शोधायचं आणि तिथून मोजायचं. कागद २०० मिमी प्रति सेकंद वेगाने पसरवून मी स्वतः यात फसलोय, नवशिक्याला काय बोलू.

दुसरी, चोरवाट डाव्या बाजूला लांब असेल तर उजव्या टोकापासून तीही "पर्वतीपासून लांबच". म्हणजे एव्हीआरटी असूनही फरक वाढू शकतो. एका आकड्यावर कधीच विसंबत नाही ते यामुळे.

---

धायरीचा_बाबा | मंगळवार, रात्री ११:१०

माझ्या मुलाचं, वय १४, डब्ल्यूपीडब्ल्यू (तीच जन्मजात चोरवाट) निघालं. क्रिकेटच्या नेटमध्ये चक्कर आली होती. त्याच्या रिपोर्टात "एचआरपीव्हीसी अॅडव्हान्सेस ए" असं आहे. पाहुणीताईंच्यात "नो इफेक्ट". हे काय प्रकरण?

---

ताशेवाला | मंगळवार, रात्री ११:४०

बाबा, माझी सगळ्यात आवडती युक्ती.

हिस म्हणजे नोडच्या खालची मुख्य केबल. (मीही पहिल्या महिन्यात इंग्रजीतलं "हिज" समजलो होतो. विल्हेल्म हिस नावाच्या डॉक्टरांनी १८९३ साली तिचं वर्णन केलं.) धडधड चालू असताना करंट हिसमधून नुकताच खाली उतरलेला असतो, किंवा उतरायच्या बेतात असतो. म्हणजे मुख्य दरवाजाला आतून कडी. नेमक्या त्या क्षणी खालच्या कप्प्यात मी एकच जास्तीचा ठोका टाकतो. कडी लागलेल्या दारातून तो वर जाऊच शकत नाही. आणि तरीही वरचा कप्पा नेहमीपेक्षा लवकर चेतला, तर? घराला दुसरं दार आहे. मागचं.

तुमच्या मुलात ते दार सापडलं. ठोका वर न पोचता धडधडच तुटली असती तर त्याहून पक्कं, ते दार नुसतं आहे असं नाही, चोर त्याच दाराने फिरतोय. आता "नो इफेक्ट" म्हणजे दार नाहीच असंही नाही हं, दार लांब असेल तर माझा ठोका वेळेत पोचत नाही.

वेळ साधणं अवघड असतं. हिसच्या अपेक्षित ठिणगीच्या साधारण ५० मिलिसेकंद आधीपासूनची ती खिडकी. मी १०-१० मिलिसेकंदांनी ठोका पुढे आणत जातो आणि डॉक्टर पडद्यावर कॅलिपर लावून बसतात. तेव्हा लॅबमध्ये कोणी बोललं तर सिस्टर डोळ्यांनी जाळतात.

---

क्षकिरण_नको | बुधवार, सकाळी ६:५०

धायरीचा_बाबा, मुलाची वाट जाळली का ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल जाळली तर एवढं लक्षात ठेवा: डब्ल्यूपीडब्ल्यूत कधी *अनियमित* आणि रुंद ठोक्यांची धडधड झाली, तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे नोड मंदावणारी औषधं, व्हेरापामिल वगैरे, घातक ठरू शकतात. कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात "डब्ल्यूपीडब्ल्यू आहे" सांगायचं आणि जुना ईसीजी मोबाइलमध्ये ठेवायचा.

---

धायरीचा_बाबा | बुधवार, सकाळी ७:३०

जाळली, डॉक्टर. दिवाळीच्या आधीच. ईसीजीवरची ती डेल्टा वेव्ह (चोरवाटेची खूण) वायरीचं टोक तापल्यावर काही सेकंदांत नाहीशी झाली, असं सांगितलं. आता नेटमध्ये असतो आणि अभ्यासात नसतो.

---

मिसळ_विदाऊट_तर्री | बुधवार, दुपारी १:१५

माझ्या रिपोर्टात ते व्हीएएव्ही आहे! एट्रियल टॅकिकार्डिया, उजव्या कप्प्यात, सायनस नोडच्या खाली एका कडेवर. साडेतीन तास टेबलावर होतो. तेव्हा वाटलं होतं यांना जमत नाहीये. आता कळलं की ते ठिपका शोधत होते. एक विचारू? माझ्यात आधी वरच्या कप्प्यातून पण पेसिंग केलं होतं. ते कशाला?

---

ताशेवाला | बुधवार, रात्री ९:०५

उलट परीक्षा. वरून पेसिंग करून थांबायचं आणि परतीचा व्ही ते ए वेळ बघायचा. रिंगणाचे प्रकार असतील तर हा वेळ धडधडीतल्या वेळेशी बांधलेला असतो, दरवेळी जवळपास तोच येतो. वरच्या ठिपक्याला खालच्या कप्प्याशी देणंघेणं नसतं, म्हणून तो वेळ भरकटतो. तुमचा भरकटला असणार.

---

भाटघर | बुधवार, रात्री ९:५०

वडिलांना आयसीडी (छातीत बसवलेलं, गरजेला शॉक देणारं मशिन) आहे, ७२ वय, जुना हार्ट अॅटॅक. मागच्या चेकअपला म्हणाले की मशिनने दोनदा "पेसिंग करूनच" व्हीटी (खालच्या कप्प्याची धडधड) मोडली, शॉक द्यावा लागला नाही. वडिलांना कळलंही नाही. हे याच जातीचं का?

---

क्षकिरण_नको | बुधवार, रात्री ११:०२

सख्खं भावंड. अॅटॅकच्या व्रणाभोवती रिंगण फिरत असतं. मशिन त्याच्यापेक्षा थोडं जलद, साधारणपणे ८ ठोके धडधडीच्या अंतराच्या ८८ टक्क्यांवर टाकतं. रिंगणात जी मोकळी फट असते तिच्यात हे ठोके घुसतात आणि फिरणाऱ्याला समोरून अडवतात. मोडलं तर शॉक टळला. जलद व्हीटी असलेल्यांतही हे बहुतेकदा जमतं.

आणि वर-खाली दोन्ही वायरी असलेल्या मशिनमध्ये, पेसिंगने धडधड *मोडली नाही* तरी त्याचा उपयोग होतो. थांबल्यावर काय क्रमाने ठोके आले ते साठवलेल्या नोंदीत बघून, ही खरी व्हीटी होती की वरच्याच कप्प्याची जलद धडधड, हे पुष्कळदा कळतं. वडिलांची डिव्हाइस तपासणी चुकवू नका ती याचसाठी.

अवांतर: हे ठोके टाकून उत्तर ऐकायचं तंत्र माणसांत १९६७ मध्ये अॅमस्टरडॅम आणि पॅरिसला जवळपास एकाच वेळी सुरू झालं. हिसची ठिणगी वायरीने सहज नोंदवायची रीत १९६९ ची. जाळायला रेडिओफ्रिक्वेन्सी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. म्हणजे वीस-एक वर्षं लोक निदान इतकं बारीक करायचे आणि हातात औषधं नाहीतर ऑपरेशन एवढंच.

---

अनाहूत_आजी | गुरुवार, सकाळी १०:२०

सगळं वाचलं. पर्वतीपर्यंत समजलं, पुढचं नातवाला विचारीन. ते घमेल्याचं खरं ना पण?

---

क्षकिरण_नको | गुरुवार, दुपारी २:३०

खरं, आजी. फक्त त्याहून जास्त चालणारं एक आहे. अर्धवट बसून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतकं. मग लगेच सपाट आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत नुसतं फुंकणाऱ्यांत १७ टक्क्यांची धडधड थांबली, पाय उचललेल्यांत ४३ टक्क्यांची. एव्हीएनआरटी-एव्हीआरटीवाल्यांनी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि घरात एकाला शिकवून ठेवा. चक्कर, छातीत दुखणं, दम असेल तर फुंकत बसू नका, सरळ निघा.

---

शनिवारातली_पाहुणी | गुरुवार, रात्री ९:१५

ताशेवाले, डॉक्टर, कसबा_गणिती, सगळ्यांना. रिपोर्ट काढून पेन्सिलने बाजूला लिहून ठेवलं: ५०२ = ३४० + जाऊन-येऊन १६२. नववीला वेग-अंतराचं उदाहरण म्हणून घालणार आहे, पर्वतीसकट.

एक शेवटचं. जाळून झाल्यावर डॉक्टर म्हणाले "झालं", आणि नंतर अर्धा तास मला तसंच टेबलावर ठेवलं. परत पेसिंग, परत आकडे. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, पण विचारायची हिंमत होईना.

---

ताशेवाला | गुरुवार, रात्री १०:००

काही बिघडलं नव्हतं. संथ वाट गरम केल्यावर काही वेळा ती नुसती बधिर होते आणि वीस-तीस मिनिटांत शुद्धीवर येते. म्हणून थांबायचं, आयसोप्रिनलिनची ड्रिप लावून हृदय मुद्दाम पळवायचं, आणि ज्या आकड्यांवर धडधड सुरू झाली होती तेच आकडे परत द्यायचे. सुरू झाली नाही की वायरी बाहेर. त्याच वेळात मुख्य वाट शाबूत आहे ना तेही बघतो. तिला धक्का लागून पेसमेकर लागायची वेळ साधारण शंभरात एकावर किंवा त्याहूनही कमी जणांवर येते, पण ती शंका आम्हाला तिथेच फेडून घ्यायची असते.

तो अर्धा तास पेशंट नेहमी एकच गोष्ट विचारतो.

---

शनिवारातली_पाहुणी | गुरुवार, रात्री १०:०४

"बाथरूमला कधी जाता येईल?"

---

ताशेवाला | गुरुवार, रात्री १०:०५

आणि आम्ही सांगतो, "पाय सरळ ठेवा, अजून चार तास."